आधी वारा, मग हॉटेल

मॉरिशसला जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा सुरू होते ती हॉटेलची. पोहायचा तलाव केवढा, नाश्त्याला शाकाहारी काय मिळेल, गॅलरीतून समुद्र दिसेल का. मग तिकिटांचे भाव, मग कुणाची रजा कधी, आणि तिकडे हवा कशी असेल हा प्रश्न निघतो तो थेट बॅग भरताना. माझं म्हणणं, हा क्रम उलटा करावा. हे बेट भर हिंदी महासागरात, विषुववृत्ताच्या दक्षिणेला वीस अंशांवर आहे आणि तिथे राज्य वाऱ्याचं आहे. महिना ठरला की वारा ठरतो, वाऱ्यावरून किनारा ठरतो, आणि किनारा पक्का झाला की हॉटेल निवडायचं काम अर्ध्या तासाचं उरतं.

महिन्याचं आधी बघू. नोव्हेंबर ते एप्रिल हे तिथले उकाड्याचे आणि पावसाचे महिने. मे ते ऑक्टोबर कोरड्या, सौम्य हवेचे. चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत धरतात, पण खरी धास्ती जानेवारी ते मार्चची. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ आलं तेव्हा राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून चालल्या होत्या. वादळाच्या इशाऱ्याच्या तिथे चार पायऱ्या आहेत. पहिली दीड-दोन दिवस आधी लागते आणि ताशी १२० किलोमीटरचे झोत सुरू झाले किंवा होण्याच्या बेतात असले की चौथी. तिसरी लागली की दुकानं, बस, कचेऱ्या सगळं बंद, आणि पाहुण्याने हॉटेलात बसायचं. तिथली माणसं याला सरावलेली असतात. आपली आठवड्याची सुट्टी मात्र त्यात निघून जाते. त्यामुळे फेब्रुवारीतल्या स्वस्त पॅकेजच्या जाहिरातीवर भाळण्याआधी ते स्वस्त का आहे हे लक्षात घ्यावं. आणि घ्यायचंच असेल तर सोबत प्रवासविमा हवाच.

आपल्या शाळांच्या सुट्ट्या इथे छान जुळतात. मेच्या उत्तरार्धात तिकडे वादळं संपलेली, उन्हाचा चटका उतरलेला, समुद्र अजून कोमट. दिवाळीची सुट्टी तर त्याहून बरी: वारा पडलेला, पाणी परत तापायला लागलेलं, नाताळची गर्दी अजून लांब. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे मुसळधार पाऊस असताना तिथे पोहायला जावं ही कल्पना मोहक आहे, पण तो तिथला हिवाळा. पाणी बावीस-तेवीस अंशांवर येतं आणि मुलं दहा मिनिटांत काकडून बाहेर पडतात. डोंगर चढायचे, जंगलातून फिरायचं तर मात्र हेच महिने. नाताळ ते नववर्ष हा काळ मी तरी टाळेन. उकाडाही भरपूर आणि भावही वर्षातले सर्वांत चढे.

आता किनारा. बेट लहान आहे, उत्तर-दक्षिण जेमतेम ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम ४५. पण मधोमध पठार आहे आणि ते सगळा फरक करतं. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे पूर्व किनाऱ्यावर आदळतात, पठारावर चढून पाऊस सांडतात आणि पश्चिमेला कोरडे होऊन उतरतात. महाबळेश्वरचा पाऊस आणि खाली वाईचं ऊन ज्याने एकाच दिवसात पाहिलंय त्याला हे वेगळं समजावायला नको. पठारावर वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पश्चिम किनाऱ्यावर हजारापेक्षाही कमी. क्युरपीप गावात छत्र्या उघडलेल्या असतात त्याच घटकेला, तासाभराच्या अंतरावर फ्लिक आँ फ्लाकला लोक उन्हात लोळत असतात.

म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये पूर्वेचा बेल मार किनारा घेतला तर वाळू आणि पाणी देखणं मिळतं, पण टोपी डोक्यावर टिकत नाही. त्या महिन्यांत पश्चिम किंवा वायव्य बाजू धरावी: फ्लिक आँ फ्लाक, तामारँ, वर त्रू-ओ-बिश. उलट डिसेंबरच्या उकाड्यात पूर्वेचा तोच वारा हवाहवासा वाटतो. मावळतीची हौस असेल तर पश्चिमच. पूर्वेला सूर्य पठाराआड लवकर जातो. आणि मावळत किती वाजता याचाही हिशेब हवा. जूनमध्ये पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो, डिसेंबरमध्ये पावणेसातला. आपल्यासारखा ‘चहा घेऊन पाचला निघू’ असा बेत हिवाळ्यात तिथे चालत नाही, पोहोचेपर्यंत अंधार. एक गंमत बाजूला नोंदवून ठेवतो: हिवाळ्यात भर दुपारी तिथला सूर्य उत्तरेला असतो. ‘दक्षिणेकडची खोली म्हणजे उन्हाची’ हा आपला हिशेब तिथे सपशेल चुकतो.

उत्तरेचं ग्राँ बे हे सर्वांत गजबजलेलं ठिकाण. भारतीय जेवण, दुकानं, रात्रीची वर्दळ, कोआँ द मीरच्या खडकाळ बेटाकडे जाणाऱ्या बोटी, सगळं हाताशी. पण विमानतळ अगदी दुसऱ्या टोकाला, आग्नेयेला, माएबूर गावाजवळ आहे. मुंबईहून सहा-साडेसहा तासांचं विमान, त्यावर इमिग्रेशनची रांग, आणि मग पोर्ट लुईच्या वाहतुकीतून दीड तासाची गाडी. मुलांना आणि म्हाताऱ्यांना हा शेवटचा दीड तास जड जातो. आम्ही पहिला मुक्काम मुद्दाम विमानतळापासून पाव तासावर, ब्लू बेला केला आणि तो माझ्या मते सगळ्या बेतातला सर्वांत शहाणा निर्णय होता. घड्याळ दीड तास मागे करून दुपारी आम्ही पाण्यात होतो.

ब्लू बे हे संरक्षित सागरी उद्यान आहे. २००८ पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आहे. काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ दिसतं, पण मुखवटा लावून डोकं पाण्यात घातल्यावर जे दिसतं त्याची सर काचेला नाही. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाचं कडं आहे. लाटा त्या कड्यावर फुटतात, आणि आत कमरेएवढं, छातीएवढं संथ पाणी राहतं. पोहता न येणारी माणसंही त्यात निर्धास्त उभी राहतात. फक्त पायात रबरी बूट हवेत: तळाशी समुद्री साळू असतात, क्वचित दगडमासाही, आणि त्याचा काटा भयंकर विषारी. प्रवाळावर उभं राहू नये हे तर सांगायलाच नको, पण सांगावं लागतं, कारण आमच्याच बोटीतला एक गृहस्थ फोटोसाठी त्यावर चढू पाहत होता.

याच किनाऱ्याजवळ, पॉइंट देस्नीसमोर, जुलै २०२० मध्ये ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज प्रवाळावर चढलं आणि सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडलं. सरकारची वाट न पाहता माणसं किनाऱ्यावर आली. उसाचं पाचट कापडाच्या पिशव्यांत कोंबून त्यांनी तेल अडवायला लांबच लांब तरंगते बांध शिवले. कोविडमुळे पर्यटक नव्हते, तरी शाळकरी पोरांपासून आज्यांपर्यंत सगळे तेलात हात घालून उभे होते. आज पाहुण्याला तिथे काही दिसत नाही. तिथल्या कोळ्यांशी बोलायला लागलं तर मात्र ही हकिगत आपोआप निघते.

समोरच इल ओ एग्रेत नावाचं छोटं राखीव बेट आहे. तिथे एका स्वयंसेवी संस्थेने एबनीचं मूळ जंगल परत उभं केलंय. नामशेष होता होता वाचलेलं गुलाबी कबूतर आणि अल्डाब्राची महाकाय कासवं तिथे मोकळी फिरतात. डोडो गेला सतराव्या शतकात. डच लोक १६३८ मध्ये वस्तीला आले आणि त्यांनी सोबत आणलेले उंदीर, डुकरं, माकडं यांनी जमिनीवरची अंडी फस्त केली. स्मरणवस्तूंच्या दुकानांतून डोडो हजारोंनी मिळतो, त्यापेक्षा एक सकाळ या बेटावर घालवावी. वाटाड्याशिवाय जाता येत नाही, त्यामुळे नोंदणी आधी करावी. आणि शक्य झालं तर माएबूरचा मुक्काम सोमवारी येईल असं बघावं, त्या दिवशी तिथला मोठा बाजार भरतो. भाजीच्या ढिगाऱ्यांत दुधी, कारली, शेवग्याच्या शेंगा बघून आमच्या सौभाग्यवतींचा परदेशात आल्याचा समज पार ओसरला.

दक्षिण किनारा बहुतेक पॅकेजांत एका दुपारीत उरकतात, हा अन्याय आहे. सुयाक गावाजवळ ग्री-ग्रीला प्रवाळाचं कडं तुटलेलं आहे आणि दक्षिण महासागरापासून निघालेल्या लाटा कसलाही अडसर न लागता काळ्या कड्यांवर येऊन आपटतात. इथे पोहायचं नाही, नुसतं उभं राहायचं. बाकीचं बेट इतकं शांत का आहे ते इथे आल्यावर कळतं. तिथून पश्चिमेला किनाऱ्याने जाणारा रस्ता मॉरिशसमधला सर्वांत सुंदर रस्ता म्हणायला माझी हरकत नाही. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला ऊस. जूनपासून तोड सुरू होते आणि डिसेंबरपर्यंत चालते. तोडीआधी ऊस इतका उंच असतो की लहान गाडीतून डोंगरही दिसत नाहीत.

रस्ता संपतो तिथे ल मॉर्न उभा आहे, ५५६ मीटरचा सरळसोट कातळ. मालकांच्या तावडीतून पळालेले आफ्रिकी आणि मादागास्करचे गुलाम इथल्या कपारींत लपून राहत. १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर चढले, ते पकडायला आलेत असं समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची कथा आहे. २००८ मध्ये हा डोंगर जागतिक वारसा यादीत गेला. चढाईचा पहिला टप्पा कुणालाही जमेल. वरचा टप्पा खडकाला धरून चढायचा आहे, तिथे वाटाड्या घ्यावा आणि उजाडताच निघावं. खाली समुद्रात पतंगाला बांधून फळीवर धावणारी मंडळी दिसतात. जगभरातून ते इथे येतात ते त्याच आग्नेयी वाऱ्यासाठी, ज्याच्यामुळे आपण किनारा बदलतो.

ल मॉर्नजवळच शामारेलचा धबधबा आणि सात रंगांची माती. ती माती म्हणजे लाव्हाची झीज. लोह आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांमुळे तांबडे-जांभळे पट्टे पडलेत. बघावी, पण पाऊण तासाच्या वर द्यायला काही कारण नाही. त्याऐवजी पलीकडच्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेस उद्यानात पायवाटेने दोन तास चालावं. आणि तामारँला पहाटे डॉल्फिन दाखवायला नेतात तो प्रकार मला तरी रुचला नाही. चार-दोन डॉल्फिन आणि त्यांच्या मागे इंजिनं घोंगावणाऱ्या बोटींचा ताफा. पैसे देऊन आपणही त्या ताफ्यातलेच होतो. पूर्वेकडच्या इल ओ सेर्फबद्दल एवढंच, की जायचं तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी आणि सकाळच्या पहिल्या बोटीने.

हॉटेलचं जेवण या विषयावर घरात मतभेद होतील, ते होऊ द्यावेत. सगळं खाणंपिणं धरून दर देणारी हॉटेलं सोयीची खरी, पण एकदा पैसे भरले की माणूस ते वसूल करायला तिथेच बसतो. मग बेट बघायचं राहतं. मला नाश्ता आणि रात्रीचं जेवण हॉटेलात, दुपार मोकळी, हीच वाटणी पटते. कारण मॉरिशसचं खरं खाणं रस्त्यावर आहे. शिजवून वाटलेल्या डाळीचं सारण भरलेली पातळ दालपुरी, नेहमी दोनची जोडी, आत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची रस्साभाजी, टोमॅटोची चटणी आणि वर हिरवी मिरची, कागदात गुंडाळून उभ्याउभ्या खायची. डाळीचे गरम तिखट वडे पावात घालून देतात. सब्जा घातलेलं गार अलुदा. शाकाहारी माणसाची इथे कुठेच उपासमार होत नाही. पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजारात हे सगळं मिळतं. तिथे आणि सगळ्याच लहान टपऱ्यांवर रोख पैसे लागतात. मॉरिशसच्या एका रुपयाला आपले साधारण पावणेदोन ते दोन रुपये धरावेत.

हॉटेल समुद्राला लागून नसलं तरी फारसं बिघडत नाही हेही सांगून ठेवतो. भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू सार्वजनिक असते, मग मागे कितीही बडं हॉटेल असो. रविवारी फ्लिक आँ फ्लाकच्या सुरूच्या बनात जावं. तिथली कुटुंबंच्या कुटुंबं बिर्याणीची पातेली, चटया, ढोलकं घेऊन येतात आणि दिवसभर बसतात. आत्या, काकू, नातवंडं, सगळा गोतावळा. परक्यालाही ताट पुढे करतात. गर्दी नको असणाऱ्यांनी त्या दिवशी डोंगरात जावं.

पोर्ट लुईला एक अख्खी सकाळ ठेवावी आणि ती आप्रवासी घाटापासून सुरू करावी. बंदरात उतरलेला गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेला भारतीय मजूर, याच सोळा दगडी पायऱ्या चढून बेटावर येई. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून पहिली ३६ माणसं आली. १९२० पर्यंत हा आकडा साडेचार लाखांच्या वर गेला. त्यांतले बहुतेक बिहारचे आणि संयुक्त प्रांतांचे, काही तमिळ आणि तेलुगू मुलखातले, आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातले, साताऱ्या-कोल्हापूरकडचेही. प्रत्येकाची नोंद होई: नाव, बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरची खूण. इथे घाई करू नये.

त्या मराठी माणसांचे वंशज आज घरात क्रिओल बोलतात, पण गणपती सोडलेला नाही. गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये राष्ट्रीय सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिकडे झाकरी म्हणून अजून नाचतात, शाळांतून मराठी शिकवतात, कास्कावेलला विठ्ठल-रखुमाईचं देऊळ आहे. आमचा एक दिवसाचा गाडीवाला त्यांच्यातलाच निघाला. आडनाव ओळखीचं, उच्चार फ्रेंच. मराठी त्याला तुटक येत होतं, मात्र सुखकर्ता दुःखहर्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ. “आजी म्हणायची,” एवढंच तो म्हणाला, आणि मग आम्हाला उलट प्रश्न: “रत्नागिरीला समुद्र आहे ना? असाच?” भाद्रपदात जायला जमत असेल तर जरूर जमवावं. हवाही चांगली असते, आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत आपल्याला कुणी पाहुणा समजत नाही. महाशिवरात्रीचं मात्र उलट आहे. गंगा तलावाकडे, जिथे १०८ फुटी शंकराची मूर्ती आहे, पठारावरचे रस्ते कावड घेतलेल्या लाखो यात्रेकरूंनी भरून जातात. यात्रा बघायची असेल तर तेव्हाच जावं, नुसता तलाव बघायचा असेल तर ते दिवस सोडून.

फिरण्यासाठी गाडी भाड्याने घेणं सोपं; वाहतूक डावीकडून, पाट्या फ्रेंच-इंग्रजीत, रस्ते अरुंद. बस स्वस्त आहे पण संध्याकाळनंतर विरळ होते. पोर्ट लुई ते क्युरपीप मेट्रो आहे, ती आपल्या लार्सन अँड टुब्रोने बांधली. राजधानीत गाडी न्यायची कटकट त्याने वाचते. दिवसभरासाठी टॅक्सी ठरवली तर मार्ग आणि रक्कम दोन्ही आधी बोलून घ्यावं, नाहीतर चालक आपल्याला वाटेत जहाजांच्या प्रतिकृतींच्या आणि लोकरी कपड्यांच्या दुकानांतून फिरवून आणतो.

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, उतरल्यावर परवानगी मिळते. परतीचं तिकीट, राहण्याची नोंद आणि खर्चापुरते पैसे दाखवायची तयारी हवी, आणि प्रवेशाचा फॉर्म निघण्याआधी ऑनलाइन भरून ठेवावा. रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. भिंतीवरचे प्लग ब्रिटिश पद्धतीचे असतात, त्याचा ॲडॅप्टर घरूनच घ्यावा, डासांचं मलमही. पठारावर जायच्या दिवशी एक पातळ स्वेटर.

शेवटचा मुद्दा दिवसांचा. चार रात्रींचं मॉरिशस विकणारे खूप आहेत. त्यात येण्याजाण्याचे दोन दिवस वजा करा, एक दिवस दक्षिणेला आणि एक उत्तरेला गाडीत जाईल, आणि पाण्यात उतरायला उरेल जेमतेम एक दिवस, त्यात संध्याकाळ तिथे लवकर होते. निदान सात रात्री हव्यात, दोन किनाऱ्यांवर वाटून, आणि त्यांतले दोन दिवस कुठलाही कार्यक्रम नसलेले. तेवढी रजा यंदा मिळत नसेल तर मॉरिशस पुढच्या दिवाळीवर ढकला आणि यंदा तारकर्लीला जाऊन या.